आगीत पोलादाचे बळ किती टिकते?

मोठी इमारत उभारावयाची म्हटली की आज पोलादाचा विचार प्रथम होतो. धान्याची व कापसाची गोदामे, कारखान्यांच्या शेड, बाजार आवारातील लिलावगृहे, शाळांची सभागृहे, क्रीडासंकुले, रेल्वेस्थानके अशा सर्व ठिकाणी पोलादी खांब, तुळया आणि कैच्या दिसून येतात. पोलाद वजनाच्या मानाने अतिशय बळकट असते. कारखान्यात कापून व छिद्रे पाडून ते जागेवर आणता येत असल्याने बांधकाम लवकर पुरे होते. त्याला वाळवी लागत नाही आणि मुख्य म्हणजे ते जळत नाही. या शेवटच्या गुणामुळे लोखंडी सांगाड्याची इमारत म्हणजे आगीपासून निर्धास्त इमारत, असा समज सर्वत्र रूढ झालेला आहे.

हा समज अपुरा आहे, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. पोलाद जळत नाही हे खरे. परंतु जळत नाही ती वस्तू आगीत टिकतेच असे नाही. आगीनंतरच्या पाहणीत कधीकधी असे दृश्य दिसते की, लाकडाची जाड तुळई वरून कोळसा झाली असूनही जागेवर आहे, आणि तिच्याच शेजारचा लोखंडी गर्डर मात्र वाळलेल्या वेलीसारखा पिळवटून खाली लोंबतो आहे. जाड लाकूड बाहेरून आत हळूहळू जळत जाते. वरचा कोळशाचा थर आतील लाकडाला उष्णतेपासून वाचवितो आणि गाभ्याचे बळ बराच काळ शाबूत राहते. पोलादाच्या बाबतीत उष्णता बाहेर थोपवून धरणारा असा कोणताही थर आपोआप तयार होत नाही. तो माणसाने द्यावा लागतो. तो दिला आहे किंवा नाही, आणि दिला असल्यास तो शाबूत आहे किंवा नाही, यावर आगीच्या वेळी आत असलेल्या माणसांचे आणि त्यांना सोडविण्यासाठी आत शिरणाऱ्या अग्निशामकांचे प्राण अवलंबून असतात.

लोहाराच्या भट्टीतील धडा

पोलाद वितळण्यास सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णतामान लागते. इमारतीला लागलेल्या आगीत वायूंचे उष्णतामान साधारणतः ८०० ते ११०० अंशांपर्यंत जाते. म्हणजे सामान्य आगीत इमारतीचे पोलाद वितळत नाही. मग ते कोसळते कसे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

याचे उत्तर गावच्या लोहाराच्या भट्टीत सापडते. लोहार नांगराचा फाळ किंवा विळा घडविताना लोखंड वितळवीत नाही. भात्याने निखारे फुलवून तो लोखंड लालबुंद करतो आणि ऐरणीवर ठेवून घणाच्या घावाने त्याला हवा तो आकार देतो. थंड असताना जे लोखंड घणाला दाद देत नाही, तेच तापल्यावर ओल्या मातीसारखे वाकते. म्हणजेच लोखंडाचे बळ ते वितळण्याच्या कितीतरी आधी ओसरलेले असते. इमारतीच्या तुळईवर घणाचे घाव पडत नसले, तरी स्लॅब, भिंती, यंत्रे, माल आणि माणसे यांचा भार तिच्यावर अहोरात्र असतोच. तापलेली तुळई या भाराखाली वाकू लागते.

हा ऱ्हास किती होतो याचे गणित अभियंत्यांनी प्रयोगांती मांडलेले आहे. पोलादी बांधकामासंबंधीचे भारतीय मानक ८०० (सन २००७) यामध्ये आगीतील टिकाऊपणासाठी स्वतंत्र प्रकरण असून त्यात दिलेल्या सूत्रानुसार २१५ अंशांपर्यंत पोलादाच्या बळात फरक धरला जात नाही. त्यापुढे मात्र उतार सुरू होतो. ४०० अंशांना सुमारे ७३ टक्के, ५६० अंशांना निम्मे, ७०० अंशांना सुमारे ३० टक्के आणि ८०० अंशांना सुमारे १५ टक्के बळ शिल्लक राहते. ९०५ अंशांना ते शून्य धरले जाते.

यातील निम्म्या बळाचा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. इमारतीचा आराखडा करताना अभियंता नेहमीच्या भारापेक्षा अधिक भार पेलेल असे राखीव बळ तुळयांत व खांबांत ठेवतो. साधारणपणे पोलादाचे बळ निम्म्याच्या आसपास आले की हे राखीव बळ संपुष्टात येते. यामुळेच ५५० अंशांच्या आसपासचे उष्णतामान हे पोलादी सांगाड्याच्या दृष्टीने निर्वाणीचे मानले जाते. अर्थात ही काही एकच ठाम रेषा नव्हे. ज्या तुळईवर भार कमी आहे ती याहून अधिक तापली तरी तग धरील, आणि जिच्यावर भार पुरेपूर आहे ती यापूर्वीच दगा देईल.

बळाबरोबरच पोलादाचा ताठरपणाही कमी होतो. त्याच मानकातील सूत्राप्रमाणे ६०० अंशांना तो जवळजवळ निम्मा उरतो. उंच व सडपातळ खांबांच्या बाबतीत ही गोष्ट फार घातक ठरते. कारण असा खांब चिरडून मोडण्याऐवजी मधूनच बाजूला वाकून निकामी होतो.

आग किती वेळात तापते?

इमारतीचे भाग आगीत किती वेळ टिकतात हे ठरविण्यासाठी जगभर भट्टीतील प्रमाणित चाचणी घेतली जाते. या चाचणीत भट्टीचे उष्णतामान ठरावीक क्रमाने वाढविण्यात येते. पाच मिनिटांत ते सुमारे ५७५ अंश, अर्ध्या तासात सुमारे ८४० अंश, एका तासात ९४५ अंश आणि दोन तासांत सुमारे १०५० अंश होते. तुळई, खांब, भिंत किंवा दार या चाचणीत जितका वेळ टिकेल, तितक्या तासांचा त्याचा अग्निरोध मानला जातो. ‘एक तासाचा अग्निरोध’, ‘दोन तासांचा अग्निरोध’ असे जे शब्द इमारतीच्या मंजुरीच्या कागदपत्रांत येतात, त्यांचा अर्थ हाच होय. प्रत्यक्षातील आग भट्टीच्या हिशेबाने चालत नाही. कापूस, रबर, रंग, प्लास्टिक किंवा रसायने साठविलेल्या जागी ती याहूनही झपाट्याने भडकू शकते.

पोलाद उष्णतेचे उत्तम वाहक आहे. त्यामुळे एका बाजूने लागलेली झळ काँक्रीटप्रमाणे पृष्ठभागापुरती न राहता लवकरच संपूर्ण जाडीत पसरते. कोणता पोलादी भाग किती लवकर तापेल हे त्याच्या जाडीवर आणि त्याचा किती पृष्ठभाग आगीस उघडा आहे यावर ठरते. जाड पत्र्याचा वजनदार खांब सावकाश तापतो. पातळ कोनपट्ट्यांची हलकी कैची पाहता पाहता तापते. स्वयंपाकघरातील पातळ पातेले व जाड तवा यांत जो फरक दिसतो तोच येथे आहे. कोणताही लेप न दिलेला सामान्य पोलादी भाग भडकलेल्या आगीत पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतच्या अवधीत निर्वाणीच्या उष्णतामानाला पोहोचू शकतो. ग्रामीण भागातील पत्र्याच्या गोदामांना व शेडना बहुधा अशाच हलक्या कैच्या असतात, आणि जवळच्या शहरातून अग्निशमन दलाची गाडी येण्यास पुष्कळदा याहून अधिक वेळ लागतो. ही गोष्ट पंचायत सदस्यांनी ध्यानी घेण्यासारखी आहे.

प्रसरणाचे बळ

तापलेले पोलाद मऊ होते एवढाच धोका नाही. ते लांबतेही. शाळेच्या प्रयोगशाळेतील गोळा व कडे यांचा प्रयोग सर्वांस परिचित आहे. थंड असताना कड्यातून आरपार जाणारा धातूचा गोळा तापविल्यावर कड्यात अडकून बसतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना कारागीर हाच गुण उपयोगात आणतात. धाव तापवून मोठी करावयाची, लाकडी चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. थंड होताना ती आकसते आणि चाकाचे सर्व भाग घट्ट आवळून धरते.

हेच बळ इमारतीत अनिर्बंध सुटले तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. दहा मीटर लांबीची पोलादी तुळई ५०० अंशांनी तापली की तिची लांबी सहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही थोडी अधिक वाढते. तिला वाढण्यास जागा नसेल तर ती दोन्ही टोकांच्या खांबांना व भिंतींना बाहेर रेटते, किंवा स्वतः मधूनच मुरडते. विटांच्या भिंतीवर टेकविलेले गर्डर तापल्यावर भिंती बाहेर ढकलल्या जातात आणि आग दूर असूनही भिंत कोसळते. आगीच्या वेळी भिंतीलगत उभे राहू नये असे अग्निशमन दलाचे अधिकारी बजावतात, त्यामागे हे एक कारण आहे. आग विझल्यावरही धोका संपत नाही. वाकलेली तुळई थंड होताना धावेप्रमाणे आकसू लागते आणि तिच्या टोकांचे बोल्ट व सांधे तुटू शकतात.

प्रसरणामुळे केवढा अनर्थ घडू शकतो याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात ११ सप्टेंबर २००१ रोजी घडले. जागतिक व्यापार केंद्राच्या दोन मनोऱ्यांवर विमाने आदळली हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच परिसरातील सात क्रमांकाच्या ४७ मजली इमारतीवर विमान आदळले नव्हते. कोसळत्या मनोऱ्याच्या जळत्या ढिगाऱ्यामुळे तिच्या काही मजल्यांवर आग लागली. शहराच्या जलवाहिन्या फुटल्यामुळे खालच्या मजल्यांवरील पाण्याच्या तुषारक यंत्रणेस पाणी मिळाले नाही आणि आग सुमारे सात तास धुमसत राहिली. सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांच्या सुमारास संपूर्ण इमारत खाली आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, तापून लांबलेल्या तुळयांनी एका मुख्य गर्डरला त्याच्या बैठकीवरून ढकलले. त्यामुळे मजले एकावर एक कोसळले, आधार नाहीसा झालेला एक प्रमुख खांब वाकला आणि त्यापाठोपाठ सारी इमारत ढासळली. मुख्यतः आगीमुळे उंच इमारत संपूर्ण कोसळल्याचे हे पहिले ज्ञात उदाहरण होय.

अनुभवाने शिकविलेले धडे

लोखंड आणि आग यांच्या संबंधातील हे ज्ञान एका दिवसात झालेले नाही. एकोणिसाव्या शतकात बिडाचे खांब व घडीव लोखंडाच्या तुळया वापरून इमारती उभारण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत फोफावली. मुंबईतही इंग्लंडहून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभारलेले वॉटसन हॉटेल १८६९ च्या सुमारास पूर्ण झाले. लोखंड जळत नसल्याने अशा इमारती ‘अग्निरोधक’ म्हणून नावाजल्या जात. १८७१ साली शिकागो शहरात लागलेल्या भीषण आगीत या समजुतीला मोठा तडा गेला. त्यानंतर लोखंडी खांब व तुळयांना भाजलेल्या मातीच्या पोकळ विटांचे वेष्टण देण्याची पद्धत रूढ झाली. पोलादाला आवरण हवे, हा पहिला धडा होता.

त्याच शिकागो शहरात पुढे जवळजवळ एका शतकाने हा धडा पुन्हा गिरवावा लागला. १९६० साली सुरू झालेल्या मॅककॉर्मिक प्लेस या प्रचंड प्रदर्शनगृहाच्या छताच्या पोलादी कैच्यांना अग्निरोधक आवरण नव्हते. छत इतके उंच आहे की खालची आग तेथवर झळ पोहोचविणार नाही, असा विचार त्यामागे होता. १६ जानेवारी १९६७ च्या पहाटे गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनासाठी मांडलेल्या दालनांना आग लागली. प्रदर्शनाच्या जागेत तुषारक यंत्रणा नव्हती आणि बाहेरील पाण्याचे अनेक हायड्रंट कामास आले नाहीत. पाहता पाहता छत खाली आले आणि एक सुरक्षारक्षक मृत्युमुखी पडला. हीच आग काही तासांनी, प्रदर्शन गर्दीने फुललेले असताना लागली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

थायलंडमधील नाखोन पाथोम प्रांतात तशी वेळ टळली नाही. तेथील केडर खेळण्यांच्या कारखान्याच्या बहुमजली इमारती आवरण नसलेल्या पोलादी सांगाड्यावर उभ्या होत्या. १० मे १९९३ रोजी लागलेल्या आगीत कापड व प्लास्टिकच्या मालाने पेट घेतला. बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या होत्या आणि कामगार आतच असताना इमारत कोसळली. १८८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. इराणमधील तेहरान शहरात १९६२ साली बांधलेली प्लास्को ही पोलादी सांगाड्याची इमारत १९ जानेवारी २०१७ रोजी काही तासांच्या आगीनंतर कोसळली, तेव्हा आग विझविण्यासाठी गेलेल्यांपैकी १६ अग्निशामकांना प्राणास मुकावे लागले.

आवरण असणे आणि नसणे यांतील फरक एकाच इमारतीत स्पष्टपणे दिसून आला तो स्पेनमधील माद्रिद शहरात. तेथील ३२ मजली विंडसर मनोऱ्याचा गाभा काँक्रीटचा होता. पण बाहेरच्या कडेचे पोलादी खांब आवरणाविना उभे होते. ही उणीव दूर करण्याचे काम खालच्या मजल्यांपासून हाती घेण्यात आले होते आणि ते बहुतांशी सतराव्या मजल्यापर्यंत पोहोचले होते. १२ फेब्रुवारी २००५ च्या रात्री एकविसाव्या मजल्यावर आग लागली. त्यावरील मजल्यांचे बाहेरचे पोलादी खांब वाकले आणि त्यांच्यावर टेकलेला मजल्यांचा भाग कोसळला. आवरण दिलेल्या खालच्या मजल्यांवरही आग पसरली, परंतु तो भाग उभा राहिला. काँक्रीटचा गाभाही टिकला. जीवितहानी झाली नाही. एखाद्या प्रयोगशाळेत मुद्दाम मांडणी करूनही याहून बोलके उदाहरण मिळाले नसते.

आवरण एकदा दिले म्हणजे काम संपले असेही नाही. जागतिक व्यापार केंद्राच्या दोन उंच मनोऱ्यांच्या पोलादास अग्निरोधक लेप दिलेला होता. विमाने आदळल्यावर काही खांब तुटले, तरीही मनोरे लगेच कोसळले नाहीत. उरलेल्या खांबांनी भार वाटून घेतला. मात्र आघातामुळे अनेक ठिकाणचा लेप उखडून गेला. विमानांतील इंधन काही मिनिटांतच जळून गेले, पण त्याने पेटविलेले कागद, लाकडी सामान व गालिचे जळत राहिले. उघडे पडलेले पोलाद तापले, मजले खाली झोळले, त्यांनी बाहेरच्या खांबांना आत ओढले आणि खांब वाकून मनोरे कोसळले. दक्षिणेकडील मनोरा ५६ मिनिटे आणि उत्तरेकडील १०२ मिनिटे उभा राहिला. पोलाद वितळले नव्हते. ते दुबळे झाले होते. त्या अवधीत हजारो माणसे जिन्याने उतरून वाचली. इतरांना वाचविण्यासाठी गेलेले न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण मात्र परतले नाहीत. इमारतीने दिलेल्या एकेका मिनिटाचे मोल या आकड्यांवरून ध्यानी येते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलादी इमारत आगीत कोसळतेच असे नाही. लंडनमधील ब्रॉडगेट येथे बांधकाम चालू असलेल्या १४ मजली इमारतीत २३ जून १९९० रोजी आग लागली. पोलादाला आवरण देण्याचे काम पुरे झालेले नव्हते, काही खांब दबून आखूडही झाले. तथापि इमारत कोसळली नाही. या अनुभवानंतर इंग्लंडमध्ये कार्डिंग्टन येथील जुन्या विमानघरात आठ मजली पोलादी इमारत मुद्दाम उभारून १९९५-९६ मध्ये तिच्यात आगीचे प्रयोग करण्यात आले. खांबांना आवरण दिलेले असताना, उघड्या तुळया हजार अंशांपर्यंत तापल्या तरी मजले झोळले पण पडले नाहीत. कारण वरील काँक्रीटचा स्लॅब व त्यातील सळया यांनी ताणलेल्या चादरीप्रमाणे भार उचलून धरला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा ही इमारत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी पेटली आणि अठरा तासांहून अधिक काळ जळत राहिली. पाण्याच्या नळावरील दाबनियंत्रक झडपा चुकीच्या लावलेल्या असल्याने अग्निशामकांना पुरेसे पाणी मिळाले नाही आणि तिघांचा बळी गेला. पण पोलादाला आवरण होते. तुळया वाकल्या तरी इमारत उभी राहिली. शेवटी तिसाव्या मजल्यावर तुषारक बसविलेले होते, तेथे अवघ्या दहा तुषारकांनी आग थोपविली.

पोलादाचे संरक्षण

संरक्षणाच्या सर्व पद्धतींचे तत्त्व एकच आहे, ते म्हणजे आग आणि पोलाद यांच्यामध्ये उष्णता सावकाश जाऊ देणारा थर घालणे. खांबाभोवती विटांचे बांधकाम करणे किंवा तो काँक्रीटमध्ये बुजविणे ही जुनी व भरवशाची पद्धत होय. ती जड असली तरी धक्के सोसते, म्हणून गोदामे व वाहनतळ यांसारख्या ठिकाणी उपयुक्त ठरते. जिप्समच्या फळ्यांचे वेष्टण ही दुसरी पद्धत. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी रासायनिक रूपाने बांधलेले असते. आगीत प्रथम हे पाणी वाफ होऊन निघून जाते आणि तोपर्यंत मागील पोलाद फारसे तापत नाही. भाजून फुगविलेले व्हर्मिक्युलाइट हे खनिज सिमेंट किंवा जिप्सममध्ये मिसळून त्याचा फवारा मारणे ही तिसरी पद्धत असून ती स्वस्त पडते. परंतु हा लेप खडबडीत व ठिसूळ असल्याने धक्क्याने झडतो. चौथी पद्धत म्हणजे विशिष्ट रंगाचा लेप. दिसावयास तो साध्या रंगासारखाच असतो, पण तापल्यावर अनेक पटींनी फुगून फेसाळ कोळशाचा जाड थर तयार करतो. म्हणून असा रंग दिलेल्या पोलादावर पुढे कोणताही बाजारी रंग फासणे योग्य नव्हे.

या सर्वांइतकेच महत्त्व आग वाढूच न देण्याला आहे. तुषारकाच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची कुपी असते. नेहमीच्या वापरातील लाल कुपी ६८ अंशांना फुटते आणि पाणी सुरू होते. पोलादाचे बळ ओसरू लागण्याच्या कितीतरी आधी ही यंत्रणा आपले काम करते. मात्र टाकीत पाणी हवे, पंप चालू हवा आणि झडप उघडी हवी.

आपल्याकडील बहुसंख्य पक्क्या इमारती सलोह काँक्रीटच्या असतात. त्यांतही भार ओढून धरणारे पोलादच असते. फरक इतकाच की, सळयांवरील काँक्रीट त्यांचे आवरण बनते. म्हणूनच भारतीय मानक ४५६ (सन २०००) मध्ये अग्निरोधाच्या तासांनुसार या आवरणाची जाडी दिलेली आहे. साध्या टेकूच्या तुळईसाठी ती एका तासास २० मिलिमीटर व दोन तासांस ४० मिलिमीटर इतकी आहे. काम करताना सळया खाली टेकल्या, किंवा गंजामुळे काँक्रीटचे पापुद्रे सुटून सळया उघड्या पडल्या, तर त्या इमारतीचे आगीपासूनचे संरक्षणही तेवढ्यापुरते नाहीसे झाले असे समजावे.

आगीनंतरची पाहणी

आग विझल्यावर उरलेला सांगाडा पुन्हा वापरता येईल काय, हा प्रश्न नेहमी उभा राहतो. सामान्य बांधकामाचे पोलाद बेताच्या उष्णतेनंतर थंड झाल्यावर आपले पूर्वीचे बळ बहुतांशी परत मिळविते. आगीनंतरही जो भाग सरळ राहिला आहे तो पुष्कळदा उपयोगी असतो. परंतु उष्णतेची प्रक्रिया करून अधिक बळ दिलेले बोल्ट आणि हल्लीच्या सळया यांचे वाढीव बळ फार तापल्यास कायमचे कमी होते. म्हणून केवळ रंगरंगोटी करून इमारत वापरास न देता, तज्ज्ञ अभियंत्याकडून खांब, सांधे व बोल्ट यांची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

जबाबदारी कोणाची?

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ च्या चौथ्या भागात आगीपासूनच्या व जीविताच्या सुरक्षिततेचा विचार केलेला असून इमारतीच्या भागांनी किती तास टिकावे हे त्यात सांगितले आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अशा उपाययोजना करण्याची व त्या सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर आहे. तथापि कागदावरील नियम जागेवर उतरतो तो माणसांच्या नजरेमुळे.

इमारतीची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी पोलादी खांब व कैच्या यांवर आवरण आहे काय, ते किती तासांचे आहे, आणि वीजतारा, नळ किंवा वातानुकूलनाची नळकांडी बसविताना ते कोठे खरवडले गेले आहे काय, हे आवर्जून विचारावे. उखडलेला हातभर लेप ही किरकोळ बाब नव्हे. आग नेमकी तीच जागा शोधते. पंचायत सदस्यांनी गावातील गोदाम, सभागृह किंवा बाजाराची शेड यांच्या बाबतीत, माल छताच्या कैच्यांपर्यंत रचला जात नाही ना, ज्वालाग्राही वस्तू वेगळ्या ठेवल्या आहेत ना, पाण्याचा साठा हाताशी आहे ना आणि दारे बाहेर उघडतात ना, हे पाहावे. ज्या शेडच्या पोलादाला आवरण नाही तेथे आग भडकल्यास माल वाचविण्यासाठी कोणालाही आत पाठवू नये. छत किती वेळ टिकेल याचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही. शिक्षकांनी प्रसरणाचा धडा शिकविताना गोळा व कडे यांच्याबरोबर सभागृहाच्या छताकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. आगीची घंटा होताच वस्तू न आवरता बाहेर पडण्याची सवय त्यांना लावावी.

पोलाद हा मानवाचा निष्ठावंत सेवक आहे. त्याला मात्र आगीपुढे उघडे उभे करून चालत नाही. योग्य आवरणामुळे इमारत अमर होत नाही. तिला एक, दोन किंवा तीन तासांची मुदत मिळते. त्या मुदतीत शेवटचे मूल जिना उतरते, शेवटचा कामगार दाराबाहेर येतो आणि त्यांना बाहेर काढणारा अग्निशामकही सुखरूप परततो. इमारतीच्या खर्चात आवरणाचा आकडा दिसेल तेव्हा तो अनाठायी खर्च न समजता या मुदतीचे मोल म्हणून पाहिला जावा.